भेग बुजवल्यावर काय उरतं? डोरिस साल्सेदो यांचं ‘शिब्बोलेथ’



आज सुरुवात एका शब्दापासून करू. ‘इन्स्टॉलेशन’ला मराठीत आपण ‘मांडणशिल्प’ म्हणतो. शब्द चांगला आहे, रुळलेलाही आहे. पण शब्द रुळला की तो आपल्या वतीनं विचार करायला लागतो, ही त्याची खोड. ‘मांडण’ म्हटलं की डोळ्यांसमोर मांडामांड येते. रिकामी खोली आहे, कुणीतरी येतो, वस्तू आणतो, मांडतो, निघून जातो. खोली होती तशीच राहते. म्हणजे वास्तू हे नुसतं भांडं, आणि कला हा त्यातला पदार्थ.

पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अशा पुष्कळ कलाकृती झाल्या, ज्यांत भांड्यालाच हात घातलेला आहे. गॉर्डन मॅटा-क्लार्क या अमेरिकन कलावंतानं १९७४ साली न्यू जर्सीत एक दुमजली घर मधोमध उभं कापलं. खरोखर कापलं, करवतीनं. त्यानं तिथं काही ‘मांडलं’ नाही. मग त्याला मांडणशिल्प म्हणायचं का? आम्हांला वाटतं, म्हणू या, शब्द बदलायचा हट्ट नको. फक्त लक्षात ठेवू या की वास्तूत भर घालणं वेगळं आणि वास्तूचं काहीतरी मोडणं वेगळं. आजचं सगळं व्याख्यान या दोहोंतल्या फरकावर आहे.

उदाहरण आम्ही एकच घेणार आहोत. अनेक घेतली की व्याख्यानाचं कॅटलॉग होतं. ते उदाहरण म्हणजे डोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या कलावतीचं ‘शिब्बोलेथ’. साल २००७, जागा लंडनमधल्या टेट मॉडर्नचा टर्बाइन हॉल.

आधी जागा समजून घेऊ. टेट मॉडर्न म्हणजे मुळात थेम्सच्या काठावरचं बँकसाइड वीजकेंद्र. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याची इमारत योजली होती. वीजकेंद्र बंद पडलं, इमारत रिकामी राहिली, आणि हर्झोग व द म्युरॉन या स्विस वास्तुविशारदांनी तिचं संग्रहालय केलं. २००० साली ते उघडलं. जिथं वीज तयार करणारी अजस्र यंत्रं होती, तो मधला भाग त्यांनी रिकामा ठेवला. दीडशे मीटरहून थोडा जास्त लांब, पस्तीस मीटर उंच. पश्चिमेच्या दारातून शिरलात की जमीन उतरत जाते, आणि तुम्ही आपोआप हळू चालायला लागता. देवळाच्या सभामंडपात होतं तसं. मुंबईच्या गिरणगावात ज्यांनी बंद गिरण्यांच्या शेड पाहिल्या असतील, त्यांना ही जागा लगेच कळेल. आपल्याकडे त्या जागी मॉल झाले, तिकडे संग्रहालय झालं, एवढाच फरक. (हशा)

या हॉलमध्ये दरवर्षी एका कलावंताला बोलवायचं, असा उपक्रम २००० ते २०१२ चालला. युनिलिव्हर कंपनीचा आश्रय होता. आपल्या न्हाणीघरातल्या साबणाचीच कंपनी ती. प्रत्येक कलावंतापुढे प्रश्न एकच. एवढ्या अवाढव्य पोकळीचं करायचं काय?

साल्सेदोबाईंच्या आधी आलेल्या दोघांची उत्तरं पाहू. कारण त्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय हे तिसरं उत्तर कळत नाही.

२००२ साली अनिश कपूर यांनी ‘मार्सियस’ केलं. कपूर आपल्या मुंबईत जन्मलेले. पोलादाची तीन प्रचंड कडी, आणि त्यांच्यावर ताणून बसवलेलं गडद लाल रंगाचं पीव्हीसीचं कातडं, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोबत सेसिल बालमंड हे अभियंते होते. मार्सियस हा ग्रीक पुराणातला, अपोलोशी वादनात स्पर्धा करून हरलेला, आणि त्याची शिक्षा म्हणून जिवंत सोलला गेलेला. तेव्हा ते कातडं नुसतं कातडं नव्हतं. पण बघणाऱ्याला ते कुठूनही पूर्ण दिसत नसे. कपूरांनी पोकळीला उत्तर दिलं ते ती भरून टाकून. त्यांच्या कामातली ही ताकद आम्ही स्वतः अनुभवली ती वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, २०१०च्या अखेरीस. तिथं एक तोफ होती. ठरावीक वेळानं एक माणूस यायचा, लाल मेणाचा गोळा भरायचा आणि खोलीच्या कोपऱ्यावर डागायचा. ‘धप्’ असा आवाज व्हायचा. सगळे जण दचकायचे, मग हसायचे. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटत राहिलं की आपण हसलो कशाला? कोपऱ्यात साचलेला तो लाल चिखल हसण्यासारखा नव्हता.

दुसरे, ओलाफुर एलियासन, २००३. ‘द वेदर प्रोजेक्ट’. टोकाच्या भिंतीवर अर्धवर्तुळ, छताला आरसे, त्यामुळे वर्तुळ पुरं होऊन सूर्य व्हायचा. हवेत बारीक धुकं. सुमारे दोनशे एकवर्णी दिव्यांचा पिवळा उजेड. वीस लाखांहून जास्त लोक तिथं येऊन गेले. आणि लोक करायचे काय? जमिनीवर पाठ टेकून पडायचे. वर आरशात स्वतःला शोधायचे, हात-पाय हलवून. लंडनच्या हिवाळ्यात माणसं सूर्याखाली पडली होती, बरं का! आम्ही ते काम पाहिलं नाही, छायाचित्रं आणि चित्रफिती पाहिल्या आहेत. त्यावरूनही मान्य करावं लागतं की एका औद्योगिक शेडचं माळरान करण्याची ही किमया मोठी आहे. शिवाय एलियासन फसवत नाहीत. सूर्याच्या पाठीमागे जाऊन दिवे आणि तारा पाहता येत होत्या.

पण त्या एकवर्णी दिव्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तसल्या उजेडात रंग दिसत नाहीत. पिवळा आणि काळा, एवढंच उरतं. तुमचा सदरा निळा आहे की हिरवा हे कळत नाही, आणि तुमची कातडी गोरी आहे की सावळी हेही कळत नाही. त्या सूर्याखाली सगळी माणसं सारखी दिसत होती. आता हा सूर्य कुणाला आवडणार नाही? समतेचं इतकं देखणं चित्र विसाव्या-एकविसाव्या शतकात फार थोड्यांनी काढलं असेल. मात्र ही समता दिव्याची आहे, दिवा मालवला की संपली. दाराबाहेर पाऊल टाकलं की ज्याची कातडी त्याला परत मिळते.

हे मनात ठेवून २००७ सालाकडे येऊ.

लोक आत आले तर हॉल रिकामा. वर पाहावं तर काही नाही, समोर काही नाही. मग कुणीतरी खाली पाहिलं. पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटच्या जमिनीत केसाएवढी एक तडा गेलेली रेघ. आपल्या घरात अशी रेघ दिसली तर आपण म्हणू, ‘पावसाळ्याआधी बुजवून घ्यायला हवी.’ ती रेघ पुढे जात होती. वाकडी, फाटे फुटत, रुंद होत. काही ठिकाणी काही इंच रुंद, दोन-एक फूट खोल. हॉलच्या पूर्ण लांबीभर. मोजली तर १६७ मीटर, म्हणजे हॉलपेक्षाही लांब. कारण भेग काही सरळ जात नाही. आत वाकून पाहिलं की काँक्रीटच्या कडांत तारेची जाळी गाडलेली दिसायची, कुंपणाला लावतात तसली.

हेच ‘शिब्बोलेथ’. पस्तीस मीटर उंचीच्या हॉलमध्ये या बाईंनी जमिनीवर एक बोटभरसुद्धा काही उभं केलं नाही. ज्या हॉलनं दरवर्षी माणसांच्या माना वर करायला लावल्या, तिथं त्यांनी सगळ्यांच्या माना खाली घालायला लावल्या.

हे कसं केलं, हे त्यांनी सांगायचं नाकारलं. अर्थात वर्तमानपत्रांना नेमकं तेच हवं होतं. जमीन खणली का? साचे बसवले का? काही लोक अडखळले, किरकोळ इजा झाल्या, त्याच्याही बातम्या झाल्या. यावर पुढे बोलू. आधी नाव.

बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या बाराव्या अध्यायातली ही गोष्ट. गिलादी आणि एफ्राइमी या दोन टोळ्यांची लढाई झाली. एफ्राइमी हरले आणि पळत सुटले. यार्देन नदी ओलांडली की घर. पण नदीचे उतार गिलाद्यांनी रोखून धरलेले. माणसं दिसायला सारखी, कपडे सारखे, ओळखायचं कसं? तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, ‘शिब्बोलेथ’ म्हण. एफ्राइमींना ‘श’ म्हणता येत नसे. ते ‘सिब्बोलेथ’ म्हणायचे. म्हटलं की तिथंच मान उडवायची. बेचाळीस हजार माणसं मारली गेली, असं ती कथा सांगते. शब्दाचा अर्थ काय, तर धान्याचं कणीस, किंवा पाण्याचा लोंढा. अर्थाला तिथं काही किंमत नव्हती. किंमत होती ती फक्त ‘श’ला.

मंडळी, ही गोष्ट आपण ख्रिस्ती धर्मग्रंथातली, कुठल्यातरी दूरच्या वाळवंटातली म्हणून ऐकतो. क्षणभर थांबा आणि मराठी कानानं ऐका. ‘श’ म्हणता येत नाही, ‘स’ म्हणतो. शाळा आणि साळा. शेत आणि सेत. पाणी आणि पानी. अहो, यार्देन नदी आपल्या प्रत्येक वर्गातून वाहते!

इथं आम्हांला स्वतःविषयी बोललं पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान खोटं होईल. १९८०च्या आसपासची गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो. संविधान म्हणजे सिलॉजिझम शिकवताना विद्यार्थ्यांनी स्वतःची उदाहरणं द्यायची, अशी आमची पद्धत. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचं उदाहरण पाण्याचं होतं. रचना बिनचूक होती, दोन विधानं आणि निष्कर्ष. पण तो ‘पानी’ म्हणाला. आम्ही काय केलं? निष्कर्ष बरोबर आहे असं आधी म्हणायचं सोडून आम्ही म्हणालो, ‘पाणी, पाणी म्हणा.’ वर्ग हसला. आम्ही रागावलो नव्हतो, हसलोही नव्हतो. आम्हांला वाटत होतं आपण भाषा सुधारतोय. तो मुलगा खाली बसला. पुढे पास झाला, चांगल्या गुणांनी. वर्गात मात्र पुन्हा कधी बोलला नाही.

शिकवण्याच्या नोकरीत असे प्रसंग खूप झाले असतील. लक्षात राहिला तो हा एक, आणि तोही फार उशिरा लक्षात आला, ‘शिब्बोलेथ’विषयी वाचताना. तोपर्यंत आमच्या लेखी ती घटनाच नव्हती. वर्गाची जमीन आम्हांला सपाट दिसत होती. भेग ज्याच्या पायाखाली होती, त्यालाच ती दिसत होती. आणि शब्द कोणता, तर ‘पाणी’. ज्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, ते पाणी!

साल्सेदोबाईंच्या कामाचा गाभा आम्हांला इथं सापडतो. युरोपच्या संस्कृतीच्या मंदिरात तिसऱ्या जगातून आलेला माणूस पाऊल टाकतो, तेव्हा त्याला जमीन सपाट लागत नाही. वंशभेद, वसाहती, सीमा, कुंपणं, हे सगळं त्या गुळगुळीत काँक्रीटच्या खाली आहे. इतरांना ते दिसत नाही. त्यांनी ते दिसेल असं केलं. एलियासनच्या सूर्याखाली माणसं सारखी होत होती. इथं त्याच जागेनं सांगितलं की ती सारखी नव्हती.

आता थोडं तत्त्वज्ञान. थोडंच, घाबरू नका.

हायडेगरचा कलाकृतीच्या मुळाविषयीचा निबंध आहे, १९३५-३६चा. त्यात ‘रिस’ हा जर्मन शब्द फार महत्त्वाचा. ‘रिस’ म्हणजे भेग, आणि ‘रिस’ म्हणजे रेखाटन, आराखडासुद्धा. हायडेगरचं म्हणणं असं, की कलाकृतीत जग आणि धरित्री यांचा झगडा असतो, आणि ही भेग त्यांना नुसतं वेगळं करत नाही, तर त्यांना एकमेकांशी बांधूनही ठेवते. ‘शिब्बोलेथ’ पाहताना हा विचार आठवणारच. ती भेग जमिनीवर काढलेलं रेखाचित्रही आहेच. याच निबंधात ग्रीक देवळाचं प्रसिद्ध वर्णन येतं. देऊळ उभं राहतं आणि त्याच्याभोवती एका लोकसमूहाचं जग उभं राहतं, वगैरे. वर्णन सुंदर आहे. पण आमच्यासारख्या पंढरपूर पाहिलेल्या माणसाला तिथं एक साधा प्रश्न पडतो. या देवळात आत कोण जाऊ शकत होतं, आणि बाहेर कोण उभं होतं? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. देवळाभोवती जग उभं राहतं हे खरं. त्याच दगडानं कुणालातरी जगाबाहेर ठेवलेलं असतं, हेही खरं. हायडेगरच्या भेगेला पायरीखालचा माणूस माहीत नाही. साल्सेदोबाईंच्या भेगेला तो माहीत आहे.

पॉल सेलान हा कवी इथं येतो. त्याचे आईवडील नाझींच्या छळात गेले. त्याची ‘शिब्बोलेथ’ नावाची कविता आहे. १९५५ साली आलेल्या तिच्या संग्रहाच्या नावाचा अर्थ ‘उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत’. देरिदानं पुढे सेलानवर लिहिताना हाच शब्द शीर्षकात घेतला. म्हणजे या एका शब्दाच्या मागे खून, कविता आणि तत्त्वज्ञान अशी सगळी रांग उभी आहे. हे माहीत असलं तर उत्तम. पण आम्ही मुद्दाम सांगतो, की माहीत नसेल तरी जमिनीतली भेग भेगच असते. ती ओलांडताना पाय आधी विचार करतो, डोकं नंतर.

आपल्या मराठी सौंदर्यशास्त्रात या कामाला जागा कुठे? मर्ढेकरांचे लयतत्त्वाचे नियम घ्या, संवाद, विरोध, समतोल. त्यांच्या कसोटीवर ही कृती उतरते. एवढा उंच हॉल आणि एवढी हीन रेघ, यात विरोधलय आहेच. पण तेवढं म्हणून थांबलो तर आपण त्या वर्गातल्या प्राध्यापकासारखे होऊ. रचना तपासली आणि माणूस सोडला. रा. भा. पाटणकरांनी अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद अशी जी दोन टोकं दाखवली, त्यांच्यातली ओढाताण इथं प्रत्यक्ष जमिनीत पाहायला मिळते. कलेची जागा जीवनापासून वेगळी, असं मानून बांधलेला तो हॉल. आणि जीवनानं त्याच्या पायात पाडलेली ती चीर.

आतापर्यंत आम्ही स्तुती केली. आता आक्षेप. टीकाकारानं ते टाळले तर तो भाट होतो.

पहिला आक्षेप. या भेगेला संग्रहालयानं आमंत्रण दिलं होतं. पैसे एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या नावानं चाललेल्या उपक्रमाचे. ज्या संस्थेनं आपल्या पायातली चीर स्वतःच मागवून घेतली, मुदत ठरवून, विमा उतरवून, तिला त्या चिरेनं इजा काय होणार? उलट संस्था म्हणू शकते, पाहा, आम्ही किती मोकळ्या मनाचे! हा आक्षेप आम्हांला खरा वाटतो. मॅटा-क्लार्कनं कापलेलं घर पाडलं जाणारच होतं, आणि काही महिन्यांत पाडलं गेलंही. तिथं वास्तूला परत सावरायची सोय नव्हती. टेटची जमीन दुरुस्त होणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

दुसरा आक्षेप तमाशाचा. लोक भेगेत हात घालत होते, फोटो काढत होते, एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून हसत होते. मेहबूब स्टुडिओत आम्ही हसलो तसंच. आदल्याच वर्षी त्याच हॉलमध्ये कार्स्टन हॉलर यांच्या प्रचंड घसरगुंड्या होत्या. लोकांना वाटलं असेल, यंदा हा खेळ. वेदनेचं काम जत्रेत ठेवलं की ते जत्रेचं होतं. यात साल्सेदोबाईंचा दोष नाही म्हणता येईल, पण जागा त्यांनीच स्वीकारली होती.

तिसरा आक्षेप आम्हांला सगळ्यांत गंभीर वाटतो. भेग ही सगळ्यांसाठी सारखीच असते. तिथं येणारा गोरा असो, काळा असो, अडखळायचं तर दोघंही अडखळतात. पण ‘शिब्बोलेथ’ या शब्दाची सगळी क्रूरता अशी, की तो एकालाच अडवतो. दुसऱ्याला परीक्षा आहे हेसुद्धा कळत नाही. मग सर्वांना सारखीच दिसणारी भेग ही त्या शब्दाची प्रतिमा कशी होईल? खरी शिब्बोलेथ-जमीन अशी हवी की निम्म्यांना ती सपाट लागेल आणि निम्म्यांचा पाय आत जाईल. तशी जमीन कोणत्याही कलावंताला करता येणार नाही, आणि कुणी करूही नये. समाज ती रोज करतोच आहे. म्हणजे या कृतीच्या नावात आणि रूपात एक अंतर आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही.

मग आम्ही या कामाला मोठं का म्हणतो? त्याचं कारण भेगेत नाही. ते भेग बुजवल्यानंतरचं आहे.

एप्रिल २००८मध्ये प्रदर्शन संपलं. भेग भरून टाकण्यात आली. आम्ही लंडनला गेलो तो २०१४चा उन्हाळा. म्हणजे ज्या कलाकृतीवर तासभर बोलतो आहोत, ती आम्ही उघडी पाहिलेलीच नाही. युनिलिव्हरचा उपक्रम संपलेला, पुढचा सुरू व्हायचा होता. हॉल जवळजवळ रिकामा. उतारावरून खाली गेलो. मुलं पळत होती, कुणी डबा उघडून बसलं होतं. आणि जमिनीवर, वेगळ्या रंगाच्या सिमेंटची एक लांबच लांब वाकडी रेघ. व्रण. बाजूला फलक नाही, दोरी नाही. तिच्यावरून माणसं चालत होती. आम्ही तिच्या कडेकडेनं, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. चपलेच्या तळव्याला काही लागत नव्हतं. तरी पाय रेघेवर पडू नये असं वाटत होतं. लहानपणी खेळताना खडूच्या रेघेवर पाय पडू देत नसू तसं.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर आम्हांला त्या व्रणात मिळालं. कपूरांचं कातडं उतरवलं, हॉल होता तसा झाला. एलियासनचा सूर्य मालवला, हॉल होता तसा झाला. साल्सेदोबाईंचं काम संपलं आणि हॉल होता तसा झाला नाही. संस्थेनं भेग मागवली होती, व्रण तिच्या पदरात पडला. पुढच्या प्रत्येक कलावंताची कृती त्या व्रणावर उभी राहणार. वास्तू बदलणं, अवकाशाचं रूपांतर करणं, असं आपण सहज म्हणतो. ते रूपांतर झालं की नाही याची कसोटी आमच्या मते ही आहे: कृती काढून घेतल्यावर जागेला काय आठवतं?

तिसऱ्या आक्षेपाचंही अर्धं उत्तर तिथं आहे. भेग सर्वांना दिसत होती, व्रण मात्र सर्वांना दिसत नाही. पळणाऱ्या मुलांना तो दिसत नव्हता. माहीत असेल त्याला दिसतो. शिब्बोलेथची विषम जमीन कलावतीला बांधता आली नसती. काळानं आणि सिमेंटनं ती थोडीफार तयार केली.

साल्सेदोबाईंची इतर कामं पाहिली की हा व्रणाचा धागा स्पष्ट होतो. बोगोटाच्या न्यायमंदिरावर १९८५च्या ६ आणि ७ नोव्हेंबरला बंडखोरांचा ताबा आणि मग लष्कराची कारवाई, असं होऊन सुमारे शंभर माणसं गेली. २००२ साली त्याच तारखांना, नव्यानं बांधलेल्या न्यायमंदिराच्या छतावरून त्यांनी एकेक करून रिकाम्या लाकडी खुर्च्या भिंतीवर खाली सोडल्या, ५३ तास. मग त्याही काढल्या. वास्तू नवी झाली म्हणून घटना जुनी होत नाही, एवढंच त्या खुर्च्या सांगत होत्या.

आणि २०१८ साली त्या पुन्हा जमिनीकडे आल्या. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यात शांतता करार झाला. बंडखोरांनी खाली ठेवलेली शस्त्रं, ३७ टन, वितळवली गेली. त्यांतून फरशीचे १२९६ तुकडे ओतले गेले. त्या फरशीसाठीचे पत्रे कुणी ठोकले? त्या युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी, हातोडा घेऊन. त्या ठोक्यांचे खड्डे-उंचवटे फरशीत उतरले. जागेचं नाव ‘फ्रॅगमेंतोस’, बोगोटात एका जुन्या पडक्या घराच्या अवशेषांत. बाई त्याला स्मारक म्हणत नाहीत, प्रतिस्मारक म्हणतात. स्मारकाकडे मान वर करून पाहायचं असतं. या फरशीवर उभं राहायचं असतं. लंडनमध्ये त्यांनी सपाट जमीन मोडली होती. इथं मोडलेल्यातून जमीन केली, पण तिला सपाट होऊ दिलं नाही. आमच्या दृष्टीनं ‘शिब्बोलेथ’चं उरलेलं वाक्य अकरा वर्षांनी इथं पूर्ण होतं. भेग दाखवली, आता उभं कशावर राहायचं, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं हे उत्तर.

वेळ संपत आली. आमच्याकडेही आता बिनाले होतात, जुने वाडे, गोदामं, गिरण्या यांत मांडणशिल्पं लागतात. तरुण कलावंत भेटतात, ते ‘स्पेस ट्रान्सफॉर्म करतो’ असं सांगतात. त्यांना आमचं सांगणं एवढंच, की आधी त्या जागेच्या जमिनीला विचारा. इथं पूर्वी कोण आत येत होतं, कोण अंगणात थांबत होतं, पाणी कुठून दिलं जायचं आणि कुणाला वरून ओतलं जायचं. दिवे आणि आरसे नंतर आणा.

राहिला तो मुलगा. आता तोही साठीला आला असेल. कदाचित त्यानं कुठे शिक्षक म्हणून नोकरी केली असेल. तो इथं असता तर आम्ही त्याला काय म्हणालो असतो? माफी मागितली असती, पण माफी म्हणजे सिमेंटच; भेग भरते, रेघ राहते. तेव्हा माफीच्या आधी आम्ही त्याला जे त्या दिवशी सांगायला हवं होतं तेच सांगितलं असतं. तुमचं उदाहरण बरोबर होतं. दोन्ही विधानं खरी होती, आणि निष्कर्षही बरोबर निघत होता.